गादीला वारस कोण?
(मराठी राजघराण्यांतील दत्तकविधानाचा इतिहास)

ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार होऊन शिखरावर नवा कळस चढत आहे, ही समस्त ग्रामस्थांना, माहेरवाशिणींना आणि नोकरीधंद्यानिमित्त मुंबई-पुण्यास गेलेल्या गावकऱ्यांना मोठ्या आनंदाची गोष्ट आहे. अशा प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत देवाचा महिमा, देणगीदारांची नामावली आणि जमाखर्चाचा ताळेबंद यांच्या जोडीला इतिहासाचे एखादे पान असावे, अशी आपल्याकडे रीत आहे. जीर्णोद्धार म्हणजे मागच्या पिढीने उभे केलेले पुढच्या पिढीच्या हाती सुस्थितीत सोपविणे. म्हणूनच या पानासाठी जो विषय घेतला आहे तोही सोपविण्याचाच आहे. राजा निपुत्रिक गेला तर त्याच्यामागे राज्याचे काय होते?

हा प्रश्न फक्त राजवाड्यातला आहे असे कोणी समजू नये. ज्या घरात मूल नाही त्या घरात देवघरातला दिवा कोण लावील, श्राद्धपक्ष कोण करील, जमिनीच्या उताऱ्यावर नाव कोणाचे लागेल, ही काळजी गरिबाच्या झोपडीतही असते आणि चिरेबंदी वाड्यातही असते. फरक एवढाच की, शेतकऱ्याच्या घरी वारस नसला तर भावकीत भांडण होते. राजाच्या घरी वारस नसला तर लाखो लोकांचे भवितव्य बदलते. मराठ्यांच्या इतिहासात असे प्रसंग एकदा नव्हे, अनेकदा आले. काही गाद्या त्यात बुडाल्या, काही तरल्या, आणि जगाने नाव घ्यावे असे राजेही त्यातूनच मिळाले.

दत्तक म्हणजे काय?

आपल्या धर्मशास्त्राने या अडचणीवर दत्तकविधानाचा मार्ग सांगितला आहे. जन्मदात्याने आपला पुत्र दुसऱ्याच्या ओटीत घालावयाचा, त्याने तो स्वीकारावयाचा, दत्तहोम करावयाचा आणि त्या क्षणापासून तो मुलगा नव्या घराचा, नव्या गोत्राचा होतो. जुन्या घराचा वारसा सुटतो, नव्या घराचा लागतो. नंदपंडितांच्या 'दत्तकमीमांसा' या ग्रंथात या विषयाचा सविस्तर विचार केलेला आहे. महाराष्ट्रात विशेष मान होता तो नीलकंठभट्टांच्या 'व्यवहारमयूखा'ला. इतर प्रांतांत विधवेला दत्तक घेण्यासाठी पतीची आज्ञा दाखवावी लागे. आपल्याकडे मात्र पतीने स्पष्ट मनाई केली नसेल तर विधवेला दत्तक घेता येई. मराठी गाद्यांच्या इतिहासात स्त्रियांचा एवढा मोठा वाटा का आहे, याचे एक कारण येथे सापडते.

शास्त्राने वाट दाखविली खरी. पण राज्याच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उरतोच. शेताचा वारस शास्त्र ठरविते. राज्याचा वारस कोणी मान्य करावयाचा? कुळाने, कारभाऱ्यांनी, सैन्याने, की वरच्या सत्तेने? सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरलेला दिसतो.

थोरले शाहू महाराज

छत्रपती संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज यांचा जन्म १६८२ चा. १६८९ साली रायगड पडला तेव्हा मातोश्री येसूबाईंसह ते मोगलांच्या कैदेत गेले आणि औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ साली सुटून दक्षिणेत परत आले. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. त्यांच्या एकेचाळीस वर्षांहून अधिक काळच्या कारकीर्दीत मराठी घोडी नर्मदापार गेली. स्वभावाने महाराज शांत, दयाळू, प्रजेला बापाप्रमाणे वाटणारे. परंतु एवढ्या भाग्यवंताच्या घरी पाळणा असूनही गादीला पुत्र नव्हता. कन्या होत्या; पण मुलीला गादीवर बसवावे असा विचार त्या काळी कोणाच्या मनात आला नाही.

महाराजांनी मुलाची माया मात्र अनुभवली होती. १७०७ साली दक्षिणेत परतताना पारद गावी चकमक झाली. गावचा पाटील लोखंडे तीत मारला गेला. त्याच्या विधवेने आपले तान्हे मूल महाराजांच्या पालखीत आणून घातले आणि अभय मागितले. महाराजांनी ते मूल पोटाशी धरले, विजयाची आठवण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंग ठेवले आणि आपले भोसले हे आडनाव त्याला दिले. पुढे अक्कलकोटचे संस्थान या फत्तेसिंगांच्या घराण्यात चालले. पोटच्या मुलासारखे वाढविले तरी छत्रपतींच्या गादीसाठी त्यांचा विचार झाला नाही. तेथे शिवछत्रपतींच्या रक्ताचा वारस हवा, असाच सर्वांचा आग्रह होता.

असा वारस कोण? कोल्हापूरचे संभाजी महाराज हे राजाराम महाराजांचे पुत्र, म्हणजे शाहू महाराजांचे चुलतबंधू. त्यांना बोलावून दोन्ही गाद्या एक कराव्यात, हा विचार वरवर सोपा दिसत होता. परंतु दोन्ही घरांत वर्षानुवर्षे वैर चाललेले. १७३१ साली वारणेच्या तहाने ते कसेबसे मिटले होते. शिवाय संभाजी महाराजांनाही पुत्र नव्हता, म्हणजे आजचा प्रश्न उद्यावर ढकलण्यासारखेच ते झाले असते.

अशा वेळी महाराणी ताराबाई पुढे आल्या. सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची ही कन्या. पती राजाराम महाराज १७०० साली निवर्तल्यावर सात वर्षे औरंगजेबाशी झुंज देणारी ही मर्दानी राणी आता सत्तरीच्या घरात होती. आपला पुत्र शिवाजी १७२६ साली वारला, पण त्याचा मुलगा, आपला नातू रामराजा, जिवाच्या भीतीने लपवून वाढविला आहे, असे त्यांनी प्रकट केले. हा तरुण बार्शीजवळच्या पानगावी गुप्तपणे राहत होता. शाहू महाराजांनी चौकशी करविली, खात्री करून घेतली आणि त्यालाच गादी देण्याचा निर्णय केला. धाकट्या राणी सगुणाबाई १७४८ सालीच निवर्तल्या होत्या. थोरल्या राणी सकवारबाईंना मात्र रामराजा मान्य नव्हता. दुखणाईत राजाच्या बिछान्याभोवती दोन तट पडले. महाराजांनी स्वहस्ते दोन यादी लिहून नानासाहेब पेशव्यांच्या हाती दिल्या. राज्याचा कारभार तुम्ही चालवावा, जो गादीवर बसेल त्याची सेवा करावी, कोल्हापूरकरांना आणू नये, असा त्यांचा आशय आहे.

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराजांनी देह ठेवला. सकवारबाई सती गेल्या. त्या स्वखुशीने गेल्या की त्यांना जाणे भाग पाडले, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पण वारसाच्या तंट्यात हरलेल्या बाजूच्या राणीला चितेखेरीज वाट उरली नाही, ही गोष्ट आज वाचतानाही मन विषण्ण करते. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली क्षेत्री महाराजांची समाधी आहे.

जेजुरीची शपथ

४ जानेवारी १७५० रोजी रामराजांचा राज्याभिषेक झाला. वारस मिळाला, तंटा मिटला, असे लोकांना वाटले. परंतु खरी कसोटी पुढेच होती. नातवाच्या नावाने राज्य आपण चालवावे ही ताराबाईंची इच्छा, तर सर्व सूत्रे पेशव्यांच्या हाती गेलेली. त्याच वर्षी सांगोल्यास झालेल्या करारात रामराजांनी कारभाराचे सर्व अधिकार पेशव्यांना देऊन टाकले. ताराबाईंना ते सहन झाले नाही. २४ नोव्हेंबर १७५० रोजी, चंपाषष्ठीच्या दिवशी, त्यांनी नातवाला साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलावून घेतले आणि कैदेत टाकले.

त्यापुढे जे घडले ते मराठी मनाला चटका लावणारे आहे. हा माझा नातू नव्हे, हा तोतया आहे, असे ताराबाई म्हणू लागल्या. आणि १४ सप्टेंबर १७५२ रोजी जेजुरीस खंडोबाच्या देवळात तशी शपथ त्यांनी घेतली. ज्या कुळस्वामीच्या भंडाऱ्यावर मराठी माणूस खरे-खोटे करतो, त्याच्यापुढे आजीने नातू नाकारला! बहुतेक इतिहासकार रामराजे हे खरेच ताराबाईंचे नातू होते असे मानतात. म्हणजे शपथ रागाची होती, सत्याची नव्हती. परंतु एकदा संशयाचे बीज पडले ते पडलेच. छत्रपती किल्ल्यावर अडकले, सत्ता पुण्यास गेली, आणि गादीचे नुसते नाव उरले.

ताराबाईंवर यासाठी पुष्कळांनी दोष ठेवला आहे. पण ज्या स्त्रीने ऐन तारुण्यात राज्य राखले, नंतर सवतीच्या कटात मुलासह कैद भोगली, आणि तो मुलगा कैदेतच गमावला, तिचे मन किती पोळले असेल याचाही विचार करावयास हवा. १७६१ च्या डिसेंबरात त्या वारल्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत पानिपत झाले होते. म्हणजे घरच्या भांडणाचा आणि बाहेरच्या आघाताचा शेवट त्यांनी डोळ्यांनी पाहिला.

रामराजे १७७७ साली निवर्तले. त्यांनाही पुत्र नव्हता! वावीकर भोसल्यांच्या घराण्यातील त्रिंबकजी राजे यांचा मुलगा विठोजी दत्तक घेण्यात आला; हेच धाकटे शाहू महाराज. ते १८०८ साली वारल्यावर त्यांचे पुत्र प्रतापसिंह महाराज गादीवर बसले. कितीतरी वर्षांनी साताऱ्याच्या गादीवर बापामागून पोटचा मुलगा आला.

कोल्हापूरकडेही हीच गत. संभाजी महाराज १७६० साली निपुत्रिक वारले तेव्हा ते राज्य ताब्यात घेण्याचा प्रयत्न पेशव्यांनी केला. महाराणी जिजाबाई डगमगल्या नाहीत. खानवटकर भोसल्यांच्या घराण्यातला मुलगा त्यांनी १७६२ साली दत्तक घेतला, शिवाजी हे नाव ठेवून त्यास गादीवर बसविले, पेशव्यांकडून मान्यता मिळविली आणि स्वतः १७७३ पर्यंत राज्य सांभाळले. निपुत्रिकाचे राज्य गिळण्याची बुद्धी केवळ परक्यांनाच होते असे नाही, हे या प्रसंगावरून ध्यानात ठेवावे.

साताऱ्याची गादी बुडते

१८१८ साली पेशवाई गेली. इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्यास पुन्हा बसविले आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजी त्यांच्याशी तह केला. हे राज्य महाराजांकडे व त्यांच्या वारसांकडे आणि उत्तराधिकाऱ्यांकडे कायम राहील, असा त्या तहाचा अर्थ होता. प्रतापसिंह महाराज विद्येचे भोक्ते. त्यांनी शाळा काढल्या, छापखाना चालविला, शहरास पाणी आणले. परंतु कंपनीची मर्जी फिरली. कारस्थानाचे आरोप ठेवून १८३९ साली त्यांना पदच्युत करण्यात आले आणि काशीस पाठविण्यात आले. तेथेच १८४७ साली त्यांचे देहावसान झाले. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते महाराजांचा न्याय मागण्यासाठी विलायतेस गेले आणि तेथे चौदा वर्षांच्या आसपास दारोदार फिरले. परक्या मुलखात, परक्या भाषेत, पैशाची ओढाताण सोसून आपल्या धन्यासाठी असे झगडणारा सेवक इतिहासात विरळा!

प्रतापसिंहांच्या जागी त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांना बसविण्यात आले होते. तेही निपुत्रिक. दत्तकास परवानगी मिळावी म्हणून त्यांनी कंपनी सरकारला विनविले होते, पण उत्तर लांबत गेले. अखेर ५ एप्रिल १८४८ रोजी अंतकाळ जवळ आल्यावर त्यांनी भोसले कुळातील एक मुलगा दत्तक घेतला व त्याचे नाव व्यंकोजी ठेवले. त्याच दिवशी महाराजांचा प्राण गेला. काशीस प्रतापसिंह महाराजांनीही एक मुलगा दत्तक घेतलेला होता. एका गादीला दोन दत्तक, आणि निवाडा करणारा तिसराच!

तो तिसरा म्हणजे गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी. १८४८ च्या जानेवारीतच त्याने सूत्रे हाती घेतली होती. त्याची भूमिका अशी: हिंदू धर्माप्रमाणे दत्तकपुत्राला खासगी मालमत्ता मिळेल, पिंडदानाचा अधिकार मिळेल, परंतु राज्य मिळण्यासाठी वरिष्ठ सत्तेची संमती लागते. साताऱ्याचे राज्य कंपनीने निर्माण केलेले. तेव्हा संमती द्यावयाची की नाही हे कंपनीच्या मर्जीवर आहे. आणि मर्जी नाही.

ही रीत अगदी नवी नव्हती. कुलाब्याच्या आंग्र्यांचे संस्थान १८४० च्या सुमारास अशाच रीतीने, विधवेच्या दत्तकास नकार देऊन, खालसा झालेले होते. पण शिवछत्रपतींच्या गादीवर घाला पडेल असे फार थोड्यांना वाटले होते. विशेष म्हणजे इंग्रजांतही या बाबतीत एकमत नव्हते. साताऱ्याचे रेसिडेंट बार्टल फ्रीअर यांनी दत्तकाच्या बाजूने मत दिले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचेही मत तहाचे वचन पाळावे असेच होते. ज्यांच्या अमदानीत तह झाला त्या एल्फिन्स्टन साहेबांनाही सातारा घेणे पटले नाही. परंतु क्लार्क यांची मुदत संपून नवे गव्हर्नर आले, मुंबईच्या कौन्सिलातील इतरांचे मत खालशाच्या बाजूचे पडले, आणि विलायतेतील डायरेक्टरांनी १८४९ च्या आरंभी डलहौसीच्या निर्णयावर शिक्का मारला. तहातील 'वारस' या एका शब्दाचा अर्थ लावण्यात राज्य गेले. लढाई झाली नाही, तोफ उडाली नाही. कागदावर सही झाली आणि शिवछत्रपतींच्या थोरल्या नातवाने साताऱ्यास वाढविलेली राजगादी संपली.

याचे पडसाद पुढे उमटलेच. रंगो बापूजी हात हलवीत परत आले आणि १८५७ साली साताऱ्यास उठावाची तयारी चालल्याचे उघडकीस आले. ते स्वतः निसटले ते पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत; पण त्यांचे पुत्र सीताराम यांच्यासह सतरा जणांना ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यास देहदंड देण्यात आला. धन्याच्या वारसासाठी आयुष्य वेचणाऱ्या सेवकाचा स्वतःचा वारस असा गेला.

नागपूर आणि झाशी

साताऱ्याचा दाखला एकदा घातला गेल्यावर इतरांची पाळी आली. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले. त्यांनी हयातीत दत्तक घेतलेला नव्हता. राण्यांनी व वृद्ध बांकाबाईंनी केलेल्या विनंत्यांकडे लक्ष न देता १८५४ साली ते विस्तीर्ण राज्य खालसा करण्यात आले आणि राजवाड्यातील जडजवाहीर लिलावात काढले गेले.

त्याच्या थोडे आधी, २१ नोव्हेंबर १८५३ रोजी, झाशीचे गंगाधरराव नेवाळकर वारले. हे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील कोट गावचे. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी नात्यातला आनंदराव हा पाच वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदर ठेवले होते. विधी कंपनीच्या अधिकाऱ्यांसमक्ष झाला होता, पत्र लिहून दिले होते. तरी १८५४ साली झाशी खालसा झाली आणि राणी लक्ष्मीबाईंना वर्षास साठ हजार रुपये पेन्शन देऊ केले. त्यापुढचा इतिहास गावातील शाळकरी पोरासही पाठ आहे. त्याच दामोदररावास पाठीशी बांधून राणी किल्ल्याबाहेर पडली, हे चित्र घराघरांत लागलेले असते. ती पाठीवर घेतलेली गोष्ट म्हणजे नाकारला गेलेला वारसा होता, हे मात्र चित्र पाहताना आपल्या लक्षात येत नाही.

कोल्हापूर आणि बडोदे

१८५७ च्या वणव्यानंतर इंग्रजांना आपली चूक उमगली. १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यात राणी सरकारने संस्थानिकांचे हक्क राखण्याचे वचन दिले आणि त्यानंतर लॉर्ड कॅनिंगने शंभरावर संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. १८६२ साली कोल्हापूरलाही ती मिळाली. त्या एका कागदाने काय फरक पडला ते पाहावे.

कोल्हापूरचे बाबासाहेब महाराज १८६६ साली निपुत्रिक वारले. त्यांनी पाटणकर घराण्यातला आपला भाचा राजाराम या नावाने दत्तक घेतला होता. हे राजाराम महाराज विलायतेच्या प्रवासाहून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी अवघ्या विसाव्या वर्षी वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले. त्यांचे स्मारक तेथे आजही आहे. पुन्हा दत्तक. १८७१ साली गादीवर आलेले चौथे शिवाजी महाराज दुखण्याने आणि देखरेख करणाऱ्यांच्या जाचाने गांजले. त्यांच्या छळाविषयी लिहिल्यावरून भरलेल्या खटल्यात लोकमान्य टिळक व आगरकर यांना १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) किल्ल्यात या तरुण राजाचा अंत झाला.

तिसऱ्यांदा गादी रिकामी पडली. महाराणी आनंदीबाईंनी कागलकर जयसिंगराव घाटगे यांचे चिरंजीव यशवंतराव यांना १७ मार्च १८८४ रोजी दत्तक घेतले. तेव्हा त्यांचे वय दहा वर्षांचेही नव्हते. हेच राजर्षी शाहू छत्रपती! २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्याची सूत्रे घेतली. २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीत निम्म्या जागा राखून ठेवल्या, गावोगावच्या मुलांसाठी शहरात वसतिगृहे काढली, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा केला, राधानगरीचे धरण बांधावयास घेतले. आज आपल्यापैकी कितीतरी घरांत शिक्षणाचा दिवा लागला त्याची वात या दत्तक राजाने वळलेली आहे. १८६२ च्या सनदेऐवजी साताऱ्याचा दाखला कोल्हापूरला लागू झाला असता, तर राजर्षी कागलचे एक जहागीरदार म्हणून राहिले असते.

बडोद्याची कथा याहून नवलाची. खंडेराव महाराज १८७० साली वारले. बंधू मल्हारराव गादीवर आले, पण १८७५ साली त्यांना पदच्युत करण्यात आले. तेव्हा खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. गायकवाडांच्या दूरच्या शाखेचा शोध घेता घेता माणसे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी पोहोचली. तेथे शेती करणाऱ्या घरातील मुले निवडीसाठी बडोद्यास नेण्यात आली. कशासाठी आलात, असे विचारल्यावर गोपाळ नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने, राज्य करण्यासाठी आलो आहे, असे धीटपणे सांगितले, अशी कथा सांगतात. २७ मे १८७५ रोजी गोपाळचे सयाजीराव झाले. काल गुरांमागे फिरणाऱ्या या मुलाने पुढे १९३९ पर्यंत राज्य केले. सक्तीचे शिक्षण, गावोगाव ग्रंथालये आणि समाजसुधारणेचे कायदे यांनी बडोद्याचे नाव देशभर केले. बाबासाहेब आंबेडकरांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस जाण्यास शिष्यवृत्ती दिली ती याच राजाने.

या इतिहासाने काय शिकावे?

पहिली गोष्ट ही की, वारसा रक्ताने मिळतो, पण टिकतो तो कर्तृत्वाने. ज्यांची नावे आज आदराने घेतली जातात त्या राजर्षी शाहूंचा आणि सयाजीरावांचा जन्म गादीवरील राजाच्या पोटी झालेला नव्हता. ज्यांची ओटी रिकामी म्हणून लोकांनी कुजबुज केली असेल त्या आनंदीबाईंनी आणि जमनाबाईंनी दुसऱ्याच्या मुलाला आपले म्हटले, म्हणून महाराष्ट्राला हे राजे लाभले. निपुत्रिक म्हणून कोणाला हिणवणे, शुभकार्यात कोणा माउलीला मागे ठेवणे, हे धर्माला धरून नाही आणि इतिहासालाही धरून नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. शाहू महाराजांनी निर्णय दुखण्यात केला. आप्पासाहेबांना आणि गंगाधररावांना तो अखेरच्या घटकेपर्यंत लांबवावा लागला. रघूजी भोसल्यांनी केलाच नाही. आधी केला असता तर डलहौसी थांबला असता असे नव्हे. ज्याला घ्यावयाचे असते त्याला निमित्त पुरते. तरीही हयातीत, चारचौघांसमक्ष, स्पष्ट लिहून ठेवलेल्या गोष्टीला बळ असते, हे घराच्या बाबतीत आजही तितकेच खरे आहे.

तिसरी गोष्ट, काळ बदलला तो चांगल्यासाठी. १९५६ च्या कायद्याने हिंदू घरात मुलगीही दत्तक घेता येते आणि वारसाही मुलामुलींना मिळतो. थोरल्या शाहू महाराजांच्या काळी मुली असून घर निर्वंश मानले गेले. आज तसे म्हणण्यास जागा नाही.

आणि शेवटची गोष्ट देवळाची. सातारा खालसा झाल्यावर इंग्रजांनी १८५२ साली इनाम कमिशनची चौकशी कायद्याने सुरू केली. वारस कोण, पिढी कितवी, सनद कोठे, असे विचारून माणसांच्या नावची कित्येक इनामे ओढून घेतली. परंतु देवस्थानाच्या दिवाबत्तीची जी इनामे खरी ठरली, ती कायम चालू ठेवण्याचा नियम त्याच कायद्यात होता. याचे कारण उघड आहे. राजा मरतो, त्याला वारस लागतो. देव मरत नाही, त्याला वारस लागत नाही. कायद्यानेही देव हा स्वतः मालमत्ता धारण करू शकणारा मानला आहे. राजाला मूल नसले तर गादी रिकामी पडते. पण देवळाची पूजा ज्या गावाने चालवावयाची ते गाव आहे तोवर गाभारा रिकामा पडत नाही.

संगम माहुलीस जाणाऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहावे. तेथे ज्या राजांच्या व राण्यांच्या समाधी आहेत त्यांच्या गादीला मुळी राज्यच उरले नाही; पण पंतप्रतिनिधींनी बांधलेल्या विश्वेश्वराच्या देवळात आजही घंटा वाजते.

प्रस्तुत मंदिरासाठी ज्यांनी तन-मन-धन वेचले, ज्यांनी लाखाची देणगी दिली आणि ज्यांनी मूठभर धान्य आणून दिले, त्यांत मुलेबाळे असलेलेही आहेत आणि नसलेलेही. देवाच्या दारी हा भेद नाही. येथे लागलेला प्रत्येक चिरा हे सर्वांचेच नाव पुढे नेणार आहे. आणि उद्या जो कोणी मुलगा अगर मुलगी सांजवेळी येथे दिवा लावील, ती सर्वांचीच वारस होय. तो दिवा अखंड तेवत राहो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.